सकाळचा पहिला फोन

सेंटरच्या दारात माझ्या धाकट्या भावाचा फोटो लावलाय. चांगला हातभर मोठा, काचेच्या चौकटीत. त्यात तो तोंडभर हसतोय. त्यानं कंपनी विकली त्या दिवशीचा तो फोटो आहे हे मला ठाऊक आहे, कारण अंगातला तो शर्ट मीच शिवला होता आणि त्याची कॉलर जरा तिरकी बसली होती. खाली लिहिलंय, 'इंटरनेट उद्योजक आणि दानशूर'. येणारे-जाणारे वाचतात, माना डोलावतात. मला विचाराल तर तो फोटो काढून ठेवावा. शेवटच्या सगळ्या वर्षांत तो असा हसलेला मी तरी पाहिला नाही. आणि तो का हसत नव्हता ते न सांगता त्याचं कौतुक करायचं, म्हणजे बाह्या न लावता शर्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा. मी जन्मभर शिलाई केली. तसला शर्ट मी कुणाला दिला नाही.

घरात त्याला खुडबुड्या म्हणायचे. रेडिओ म्हणू नका, गजराचं घड्याळ म्हणू नका, आईची इस्त्री म्हणू नका, हाताला लागलं की उघडलंच. एकदा शाळेच्या गणवेशांचा ढीग माझ्यापुढे पडलेला आणि या पठ्ठ्यानं माझं शिलाई मशीन खोललं. मी कपाळावर हात मारून घेतला. संध्याकाळपर्यंत जोडलं, आणि दोन स्क्रू उरले. "ताई, हे जास्तीचेच होते," म्हणाला. मेलं ते मशीन त्या दोन स्क्रूंशिवाय अजून चालतंय, म्हणून धड रागावताही आलं नाही.

तो कॉलेजात होता तेव्हा वडिलांच्या दोन्ही किडन्या गेल्या. डायलिसिस हा शब्द आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकला. माणसाचं रक्त नळीतून बाहेर काढायचं, मशीनमधून धुवून घ्यायचं, परत आत सोडायचं, आणि एक दिवस जातो न जातो तोच पुन्हा तेच. आमच्याकडे तसलं मशीन नव्हतं. मोठ्या शहरात जावं लागे, बसनं. खुडबुड्या पहाटे तिकिटाच्या रांगेत उभा राही, आणि एवढं करून खिडकीपाशी पोचला की आतला माणूस म्हणे, गाडी भरली. परत येताना वडिलांना उभं राहवत नसे. मी त्यांना दोन सीटांच्या मधल्या वाटेत, सामानाच्या पेटीवर बसवून आणलेलं आहे. ते काही बोलायचे नाहीत. त्यांचं ते न बोलणं मला अजून छळतं.

त्याच रस्त्यावर एक खासगी बस होती. मालक आणि ड्रायव्हर एकच माणूस. सगळे त्यांना ड्रायव्हरकाका म्हणायचे. त्यांना वडिलांचं कळलं, आणि त्या दिवसापासून दाराजवळची पहिली सीट वडिलांची झाली. कुणी बसलेलं असलं तर काका आरशातून नुसते बघायचे, की तो माणूस उठायचा. आवाज कधी चढवला नाही. पण त्यांची एक गोष्ट होती. कंडक्टरनं मागून घंटी दिल्याशिवाय ते गाडी हलवायचे नाहीत. वेळ झालेली असो, मागच्या गाड्या हॉर्न वाजवून कान किटवत असोत, काका स्टिअरिंगवर हात ठेवून शांत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "तरुणपणी एकदा घाई केली, घंटीच्या आधी गाडी काढली. एक बाई पायरीवरून पडली. वाचली, पण लंगडत राहिली. तेव्हापासून घंटी नाही तर गाडी नाही."

वडील गेले. दिवस सरले, मी दुकान पुन्हा उघडलं. आणि खुडबुड्यानं माझ्या दुकानाच्या वरच्या खोलीत चार जुने कॉम्प्युटर मांडले. त्याच्या वायरी माझ्या कापडांच्या फळीवरून गेल्या होत्या, कात्री चालवताना जीव मुठीत धरावा लागे. घरबसल्या बसचं तिकीट काढून देणारी साइट काढायची, असं त्याच्या डोक्यानं घेतलं होतं. रांग नको, पेटी नको. मला इंटरनेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पेटी नको एवढं कळलं. बसमालकांनी मात्र त्याला दारातूनच वाटेला लावलं. "उद्या कुणीही कागद छापून आणेल आणि म्हणेल ही सीट माझी," असं एकानं सुनावलं. एकटे ड्रायव्हरकाका म्हणाले, "माझी अर्धी गाडी घे. तुझ्या बापानं कधी कुरकुर केली नाही, तूही करणार नाहीस."

पहिल्याच महिन्यात साइटनं एक सीट दोघांना विकली. दोघंही कागद नाचवत गाडीत भांडायला लागले. काकांनी एकाला स्वतःच्या केबिनमध्ये शेजारी बसवलं आणि म्हणाले, "कॉम्प्युटर अजून लहान आहे हो. शिकेल हळूहळू." ही गोष्ट खुडबुड्या पुढे मोठमोठ्या सभांमध्ये सांगायचा, आणि लोक हसायचे.

मग काय, धंदा चढत गेला. वरची खोली सुटली, काचेचं ऑफिस आलं, पोरंपोरी कानाला यंत्रं लावून बसायला लागली. आणि तिथं त्याला टेस्टचा नाद लागला. म्हणजे असं, की तिकीट घ्यायचं बटण हिरवं ठेवावं की नारिंगी? तर वाद घालायचाच नाही. अर्ध्या लोकांना हिरवं दाखवायचं, अर्ध्यांना नारिंगी, कुणालाच काही सांगायचं नाही, आणि कुठलं जास्त दाबतात ते बघायचं. सगळं त्यानं असंच ठरवलं, आणि त्यातनंच तो मोठा झाला, हे मी नाकारत नाही. पण घरी आला तरी तेच! माझ्याकडे पाहुणे आले की हा गुपचूप अर्ध्या कपांत साखर कमी घालायचा आणि कोण कप खाली ठेवतं ते बघत बसायचा. मी एकदा हातावर पळी मारली. "ताई, लोक तोंडानं खोटं बोलतात, आकडा बोलत नाही," म्हणे. लग्नाचा विषय काढला तर म्हणायचा, ते टेस्ट करता येत नाही म्हणून राहिलंय. आम्ही हसायचो. तेव्हा हसण्यासारखंच होतं ते.

एका मोठ्या कंपनीनं त्याची साइट विकत घेतली. आता हा माणूस गाड्या घेईल, बंगला बांधेल असं सगळ्यांना वाटलं. त्यानं काचेच्या ऑफिसचा तळमजला तेवढा स्वतःकडे ठेवला आणि तिथं डायलिसिसची मशीनं लावून हे सेंटर काढलं. फुकट. कुणालाही. उद्घाटनाला भाषण नाही, काही नाही. पहिल्या खाटेच्या उशीवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, बाबांना इथं चालत येता आलं असतं." माझ्या डोळ्यांना धार लागली. माझा नवरा तोवर वारला होता, मी भावाकडेच राहायला आले होते. त्या खाटांच्या चादरी, पडदे, हाताखाली घ्यायच्या छोट्या उशा, सगळं मी शिवलं. आणि अशी मजा बघा, दोन-चार वर्षांत ड्रायव्हरकाकाच पेशंट म्हणून दारात उभे राहिले. साखरेनं त्यांच्या किडन्या खाल्ल्या होत्या, डोळेही मंदावले होते. गाडी केव्हाच विकली होती. खुडबुड्यानं त्यांना दाराजवळची पहिली खाट दिली. का, ते दोघांनाच माहीत होतं आणि मला.

सेंटरचं काम कसं चालायचं ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मशीनं कमी, पेशंट जास्त, आणि कुठलं मशीन कधी रुसेल त्याचा नेम नाही. त्यामुळे आज कुणी किती वाजता यायचं ते सकाळी ठरायचं, आणि फोनवर बसणारी मुलगी एकेकाला कळवायची. तिला सगळे फोनवाली म्हणायचे. तोंडाचा पट्टा असा की ऐकत राहावं. "काय काका, पाय सुजलेत का? पाणी बेतानं पिताय ना? बारा वाजता या, आणि रस्त्यात कुणाशी राजकारण बोलत बसू नका!" काका सकाळी आंघोळ करून, बूट घालून, पिशवी मांडीवर घेऊन दाराशी खुर्चीत बसायचे. फोन वाजला की उठायचे. "माझी घंटी झाली," असं काकूंना सांगून निघायचे.

मग आणखी दोन गावांत सेंटर काढायचं ठरलं. मोठे देणगीदार आले, विश्वस्त आले, मीटिंगा सुरू झाल्या. फोनवालीचा सगळा सकाळचा वेळ फोनवर जातो, त्याऐवजी मोबाइलवर मेसेज गेला तर चालेल का, असा प्रश्न निघाला. दुसरा कुणी असता तर चार पेशंटना विचारलं असतं. माझ्या भावानं टेस्ट लावली. अर्ध्या पेशंटना फोन, अर्ध्यांना मेसेज. कोण कुठल्या अर्ध्यात ते कॉम्प्युटर ठरवणार. पेशंटना काही सांगायचं नाही, कारण सांगितलं की माणूस वेगळा वागतो. आणि टेस्ट संपेपर्यंत कुणी मध्ये हात घालायचा नाही. मी तिथंच खिडकीचा पडदा टाचत होते. 'टेस्ट' हा शब्द माझ्या कानावर पडला, पण तो रोजच पडायचा. मला वाटलं, असेल कुठलंतरी बटण.

ड्रायव्हरकाका मेसेजच्या अर्ध्यात गेले.

त्याच सुमारास काकू लेकीच्या बाळंतपणाला लांब गेल्या होत्या. काका घरी एकटे. सकाळी आंघोळ केली, बूट घातले, पिशवी मांडीवर घेतली आणि खुर्चीत बसले. खिशातला मोबाइल एकदा टुंग करून वाजला असेल. तसा तो दिवसभर वाजायचा, जाहिरातींनी. काकांनी जन्मात मेसेज उघडला नव्हता, आणि उघडला असता तरी ती बारीक अक्षरं त्यांना दिसली नसती. फोन आला नाही, म्हणजे आज आपला नंबर नाही, एवढंच त्यांना समजलं. मशीन बिघडलं असेल, आपल्यापेक्षा कुणाला जास्त गरज असेल. घंटी नाही तर गाडी नाही.

फोनवालीनं त्याच दिवशी माझ्या भावाला गाठलं. "काका आले नाहीत. एक फोन लावू का?" त्यानं कॉम्प्युटरच्या पडद्यावर बघितलं. "मेसेज पोचलाय ना? मग थांब. तू एकाला फोन केलास की सगळा आकडा बिघडला." पुढच्या पाळीलाही काका आले नाहीत. ती पुन्हा गेली. तो कुणाशीतरी दुसऱ्या गावच्या जागेबद्दल बोलत होता, त्यानं नुसता हात वर करून तिला थांबवलं. थांब, एवढंच. रक्त धुतलं गेलं नाही आणि काका वारले. शेजारणीनं बघितलं तेव्हा खुर्चीतच होते, पिशवी मांडीवर.

आम्ही भेटायला गेलो. दोन खोल्यांचं घर, भिंतीवर जुन्या गाडीचा फोटो, दाराशी ती खुर्ची. काकू लेकीकडून धावत आलेल्या, डोळे सुजलेले. शेजारीण सांगत होती, "मी दोनदा म्हटलं हो, काका, चला दवाखान्यात, श्वास लागतोय तुम्हाला. तर म्हणाले, फोन येऊ दे, अजून बोलावलं नाही." हे ऐकलं आणि माझ्या भावाचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटलं, दुःखानं. काकू त्याचा हात धरून म्हणाल्या, "तू काही कमी केलं नाहीस रे. माझंच चुकलं. मी गेलेच नसते तर त्यांना हाताला धरून आणलं असतं. नातवाचं तोंड बघायचा हावरटपणा नडला मला." तो खाली मान घालून बसला.

जिन्यात फोनवाली उभी होती, ओढणीत तोंड खुपसून. तिथं तिनं मला सगळं सांगितलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी येईपर्यंत मी कशी गप्प बसले माझं मला ठाऊक. दार लावलं आणि त्याला म्हणाले, "ती बाई स्वतःला दोष देतेय आणि तू ऐकून घेतलंस? तोंड शिवलं होतं का तुझं?"

"उद्यापासून सगळ्यांना फोन जाणार, ताई. टेस्ट बंद केली."

"ते मी विचारत नाहीये."

तो पाण्याचा ग्लास हातात घेऊन उभाच राहिला. मग म्हणाला, "सांगितलं तर चौकशी होईल. देणगीदार पळतील. सेंटरला कुलूप लागेल. त्या खाटांवर जे पडलेत त्यांना कुठं पाठवू, सांग? पुन्हा बसमध्ये पेटीवर बसवू?"

तो खोटं बोलत नव्हता. विश्वस्तांनीही त्याला तेच सांगितलं, म्हातारा माणूस, साखरेचा जुना आजार, कोण विचारतंय. पण काकूंचा तो चेहरा माझ्या डोळ्यांपुढून हलेना. मी भावाशी बोलणं टाकलं. जेवण वाढायची, ताट त्याच्यापुढे ठेवायची आणि उठून जायची. त्याची अन्नावरची वासनाच गेली होती. दिवसभर सेंटरमध्ये पहिल्या खाटेपाशी उभा राहायचा, कुणी काही विचारलं तर दचकायचा. ती खाट त्यानं कुणाला देऊही दिली नाही, शेवटी टेक्निशियननंच न विचारता तिथं पेशंट झोपवला.

असे काही आठवडे गेले. आणि एका दुपारी काकू सेंटरमध्ये आल्या. मी नवीन चादरींच्या घड्या करत होते. सगळी मशीनं चालू, खाटा भरलेल्या. काकूंनी काकांची उरलेली औषधं आणली होती, कुणाच्यातरी कामाला येतील म्हणून. ती टेबलावर ठेवली आणि माझ्या हातातली चादर काढून घेत म्हणाल्या, "हे मी करत जाईन. झाडू दे, चादरी धुवायला दे, काहीही दे. पगार नको. त्यांच्या वेळी मी नव्हते. ते माझ्या हातून फिटेल तेवढं फेडू दे मला." मग माझ्या भावाकडे वळल्या. "तू त्यांना पहिली खाट दिलीस. तुझे उपकार आहेत रे बाबा. मीच कमी पडले."

त्यानं माझ्याकडे बघितलं. लहानपणी काही मोडलं की तो आधी माझ्याकडे बघायचा, तसंच. मी मान फिरवली नाही.

"काकू, तुम्ही कमी पडला नाहीत," तो म्हणाला. "त्यांना फोन गेला नाही, कारण मी जाऊ दिला नाही."

आणि तिथंच, सगळ्यांच्या देखत, त्यानं सांगितलं. टेस्ट म्हणजे काय, अर्धे कोण, अर्धे कोण. खाटांवरचे लोक उठून बसता येत नाही म्हणून माना वळवून बघत होते, हातात नळ्या. कुणीतरी विचारलं, "म्हणजे मी कुठल्या अर्ध्यात होतो?" एक आजोबा मोठ्यानं शिव्या द्यायला लागले, टेक्निशियन त्यांना शांत करत होता.

काकूंनी फोनवालीकडे बोट दाखवून विचारलं, "ही पोरगी तुला सांगायला आली होती?"

"हो. दोनदा."

"मग?"

"आकडा बिघडला असता."

मला वाटलं, काकू आता थोबाडीत देतील, आणि दिली असती तर मी अडवलं नसतं. त्यांनी चादरीची नीट घडी घातली, टेबलावर ठेवली. म्हणाल्या, "उद्यापासून रोज सकाळी मला फोन करायचा. तू. तुझ्या माणसांनी नाही."

"काय बोलू मी, काकू?"

"तुझं बोलणं मला नकोय. नुसता वाजू दे. मी घरात आहे तोवर वाजला पाहिजे." आणि त्या निघून गेल्या. पुन्हा त्या सेंटरची पायरी चढल्या नाहीत.

त्यानं जे भाकीत केलं होतं त्यातलं पुष्कळ खरं झालं. चौकशी लागली. देणगीदार गेले, विश्वस्तांनी हात झटकले, दुसऱ्या दोन गावांची सेंटरं कागदावरच राहिली. त्या गावांतले लोक अजून बसनं जातात, आणि याचं मला वाईट वाटतं, का वाटू नये? पेपरात त्याचं नाव आलं ते वाचवत नव्हतं. चौकशीनंतर त्याला प्रमुखपद सोडायला लावलं, त्यानं ते मुकाट सोडलं. राहतं घर विकून मशीनं चालू ठेवली, आणि आम्ही माझ्या जुन्या दुकानाच्या वरच्या खोलीत परत आलो, जिथं एकेकाळी त्याच्या वायरी लोंबायच्या. सेंटरला कुलूप तेवढं लागलं नाही. पेशंटपैकी काहींनी त्याच्याशी बोलणं सोडलं, पण येणं कसं सोडतील? रक्त धुवायला यावंच लागतं.

पुढची सगळी वर्षं तो फोनवालीच्या शेजारी स्टूल टाकून बसला. अर्धे फोन ती करायची, अर्धे तो. तिच्यासारखी बडबड त्याला कधी जमली नाही. "पाय बघा. पाणी बेतानं. अकरा वाजता या," असं शाळेत पाठ म्हणतात तसं म्हणायचा. फोन उचलला नाही की पुन्हा लावायचा, मग शेजाऱ्याला लावायचा, मग स्वतः उठून त्याच्या घरी जायचा. लोक वैतागायचे. "अहो, मी न्हाणीत होतो!" असं एकानं ओल्या अंगानं दार उघडून सुनावलं होतं. त्या दिवशी मला फार दिवसांनी हसू आलं. तो मात्र हसला नाही.

पण ते सगळे नंतरचे फोन. पहिला फोन काकूंचा. उठला, तोंड धुतलं, की खिडकीशी उभा राहून तो नंबर लावायचा. पहिले कित्येक महिने तिकडे नुसता वाजत राहायचा. हा शेवटची रिंग होईपर्यंत कानाला धरून उभा. मग काकू कट करायला लागल्या. म्हणजे ऐकला, एवढंच. उचलला कधीच नाही. तापानं फणफणला असताना केला, चौकशीच्या दिवशी केला, गावाला गेला तर तिथून केला. मी एकदा म्हटलं, "अरे, ती कधी उचलणार नाही." तर म्हणाला, "उचलायला सांगितलंच कुठं आहे, ताई? वाजायला सांगितलंय." चहा गार होत होता, तो तेवढा मी पुन्हा गरम केला.

तो गेला तो एका सकाळीच. त्रास म्हणून काही झाला नाही. हाक मारली, उठला नाही. हलवून पाहिलं तर अंग गार. डॉक्टर येऊन गेले, हृदय म्हणाले. दुकानातली माणसं वर आली, फोनवाली आली, रडारड झाली. मी त्याच्या उशाशी बसले होते. काय करायचं, कुणाला कळवायचं, काही सुचत नव्हतं. आणि त्याचा मोबाइल वाजला.

पडद्यावर काकूंचं नाव होतं. इतक्या वर्षांत त्या नंबरावरून आमच्याकडे फोन आला नव्हता. मी उचलला.

"आज फोन आला नाही," काकू म्हणाल्या. आवाज म्हातारा झाला होता. "मी केव्हाची दाराशी बसलेय."

मी सांगितलं. कुठल्या शब्दांत सांगितलं ते आता आठवत नाही.

मग काकू म्हणाल्या, "माफ केलं नव्हतं हं मी त्याला. ते माझ्यानं झालंच नाही. पण रोज फोनची वाट बघायचे मी. खुर्ची दाराशी ओढून बसायचे." थोडं थांबून म्हणाल्या, "त्याला सांगायला हवं होतं का गं हे?"

"हो, काकू," मी म्हणाले. खोटं कशाला बोलू? "सांगायला हवं होतं."

त्या रडल्या. मीही रडले. फोन कुणीच ठेवला नाही. शेवटी त्याच म्हणाल्या, "उद्यापासून तू करशील?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड धुतलं, त्याच खिडकीशी उभी राहिले आणि त्याच्याच मोबाइलवरून नंबर लावला. पहिली रिंग पुरी वाजायच्या आत काकूंनी उचलला.

"बोल," म्हणाल्या.